दुसरा कान

सोमवार, ४ मार्च

नवं पत्रक आज छापून आलं. शेवटच्या पानाच्या तळाशी, उजवीकडे, माझी आद्याक्षरं आहेत. मालक म्हणाले, "लिहिणाऱ्याचं नाव खाली हवं. शिव्या कोणाला घालायच्या ते गिऱ्हाइकाला कळायला नको?" ते हसले म्हणून मीही हसले, आणि मग दुपारभर त्या अक्षरांकडे बघत बसले.

एक प्रत घरी नेली. आईने हात पुसून कागद घेतला आणि उलटा धरला. आबा बघत होते म्हणून मी तो सुलटा केला नाही.

आबांनी विचारलं, "कशाबद्दल आहे हे?"

मी सांगितलं की काही हौशी लोक घरी बसून रेडिओवरून लांबलांबच्या माणसांशी बोलतात. त्यांच्याकडे एक संच असतो, बोलायला आणि ऐकायला एकच. एकाच वेळी पुष्कळ लोक बोलत असले की त्यात नुसता गलका ऐकू येतो. म्हणून संचात एक जागा रिकामी सोडलेली असते. ज्याला हवा त्याने तिथे आमचा जादा फिल्टर बसवायचा. तो चाळणीसारखं काम करतो, हव्या त्या माणसाचा आवाज आत येऊ देतो आणि शेजारचे अडवतो. तो कसा बसवायचा, ते या कागदात आहे.

"आणि चुकीचा बसला तर?"

"तर खाली माझं नाव आहे."

आमच्या घरात कागद म्हटला की सगळे गप्पच होतात. वाचता येणारी मी पहिली. त्यामुळे आलेल्या प्रत्येक कागदात आपल्याला कुठे फसवलंय ते शोधायचं काम मी शाळेत असल्यापासून करते आहे. "फक्त इथे सही कर" असं म्हणणाऱ्या माणसाकडे आमच्या घरात कोणी पाठ करून बसत नाही.

छोटीने पत्रक चाळून परत दिलं. "ताई, एवढं लिहिलंस तर गोष्ट तरी लिहायची."

एप्रिल संपला की मला कायम करायचं की नाही ते मालक ठरवणार आहेत.

गुरुवार, ७ मार्च

काकांबद्दल वेळीच लिहून ठेवलेलं बरं.

काका म्हणजे जुळणीच्या टेबलावरचे. मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून इथे आहेत. ज्यांना फिल्टर स्वतः बसवायचा नसतो ते अख्खा संच पाठवतात. काका तो उघडून फिल्टर बसवतात आणि मग प्लॅस्टिकच्या बारीक पेचकसाने आतला एक स्क्रू फिरवत राहतात. आवाजाचा कोणता भाग चाळणीतून यावा, ते त्या स्क्रूवर ठरतं. सगळं कानाने. हेडफोन लावायचे, डोळे मिटायचे आणि फिरवायचं.

वर्कशॉपची एक जुनी रीत आहे. प्रत्येक संचाला एक चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर दोन सह्या लागतात. एक 'जुळवलं', दुसरी 'ऐकलं'. दुसरी सही दुसऱ्याच माणसाची हवी. तिला इथे सगळे दुसरा कान म्हणतात. हे काम करणारा कारागीर डिसेंबरात दुसरीकडे गेला, तेव्हापासून ती जागा कोरीच जाते आहे. आज काकांनी मला बोलावलं.

"लेखिकाबाई, इकडे या. ऐका आणि सही करा."

मी हेडफोन लावले. कोणीतरी आपल्या बागेतल्या पाण्याच्या पंपाबद्दल सांगत होतं. मला तो आवाज नाक चिमटीत धरून बोलल्यासारखा वाटला. पण काका संचाकडे बघतच नव्हते. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, मी आता काय चुकते याची वाट बघावी तसे.

"कसा वाटतो?"

"मला यातलं कळत नाही, काका."

"कळायचंय काय त्यात? माणूस बोलतोय. माणसासारखा वाटतो का, एवढंच सांग."

"तुम्हाला बरा वाटतो ना? मग बराच असेल."

"मी तुला विचारलंय."

"मी सही करणार नाही."

त्यांनी चिठ्ठी ओढून घेतली. ज्या कामातलं मला काही येत नाही त्याखाली माझी सही कशाला हवी? मालक आहेत, त्यांच्या वहिनी आहेत. पहिल्याच आठवड्यात काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हे काम लिहिणाऱ्याचं नाही, ऐकणाऱ्याचं आहे." मी इथे नको आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बुधवार, १३ मार्च

आज काकांना मागून तीन वेळा हाक मारली. पुढच्या पत्रकासाठी तारेचा रंग विचारायचा होता. त्यांनी मान वळवली नाही. तिसऱ्या वेळी माझा आवाज एवढा चढला की वहिनी पलीकडून म्हणाल्या, "अगं, आग लागली का?" काका शांतपणे तारांना कथिलाचा डाग लावत बसले होते. मी परत आले.

या वहिनी मालकांच्या भावजय. खोकी बांधतात, फोन घेतात आणि सगळ्यांची टर उडवतात. त्यांना विचारलं, काका माझ्यावर रागावलेत का. त्या म्हणाल्या, "ते फोनवरही रागावलेत. महिना झाला, शेजारी वाजत असला तरी उचलत नाहीत. मला पार इकडून धावावं लागतं."

दुपारी डागाच्या धुराने खोकला आला म्हणून नाकातोंडावर रुमाल बांधून काकांकडे गेले. एवढंच विचारलं की पिवळी तार आधी कापायची की फिल्टर बसवल्यावर. ते एकदम भडकले. "आधी ते फडकं काढ. तोंड लपवून काय बोलतेस?"

मी रुमाल काढला आणि पुन्हा विचारलं. "आधी," ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात, जणू काही झालंच नव्हतं. मला मात्र जागेवर येऊन बराच वेळ लिहिता आलं नाही. धुराने खोकायचीही परवानगी घ्यायची का?

शुक्रवार, २२ मार्च

तक्रार आली आहे. एक दातांचे डॉक्टर लिहितात, तुमचा फिल्टर बसवल्यापासून सगळे जण पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटतात. मालकांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. काकांच्या नाही, माझ्या.

"तुझं पत्रक एकदा तपास."

मी ओळ अन् ओळ तपासली. सगळी वाक्यं माझी आहेत, एक सोडून. "आवाज नैसर्गिक वाटेपर्यंत स्क्रू फिरवावा." हे जुन्या पत्रकातून जसंच्या तसं आलं आहे. लिहितानाच मला ते खटकलं होतं. किती फिरवावा, कुठे थांबावं, काही आकडा आहे का, असं मी तेव्हा काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "कानाला कसले आलेत आकडे?" म्हणून मी ते तसंच ठेवलं. आता वाटतं, त्यांना ते तसंच ठेवायचं होतं. ज्या वाक्याला धरता येत नाही, त्याच्या आड काहीही करता येतं.

शनिवार, ३० मार्च

आज अर्धा दिवस. मी छत्री विसरले म्हणून परत आले, तर दारातून दिसलं की काकांनी कुरिअरवाल्याला स्टुलावर बसवलंय. त्याच्या कानाला हेडफोन लावून ते त्याला काहीतरी विचारत होते. तो म्हणाला, "एक नंबर, काका." काका म्हणाले, "एक नंबर नको, कसा वाटतो ते सांग." तो म्हणाला, "मस्त." आणि घड्याळ बघू लागला.

मला पाहताच काकांनी हेडफोन काढून घेतले आणि उगाचच टेबल पुसायला लागले.

ते साक्षीदार जमवताहेत. उद्या मालकांसमोर म्हणतील, संच चांगला आहे असं बाहेरचा माणूसही सांगतो, मग चूक पत्रकाचीच. मंगळवारी तर त्यांनी पाण्याचं पिंप भरायला येणाऱ्या बाईलाही बोलावलं होतं. तिने हेडफोन उलटे लावले आणि "छान आहे की" म्हणाली.

मंगळवार, २ एप्रिल

आणखी पत्रं आली आहेत. एक दीपगृहावर काम करणारा, एक नकाशे काढणारा निवृत्त माणूस, एक शाळेतल्या बाई. पत्रा, डबा, नाकातला आवाज. बाईंनी लिहिलंय की नवऱ्याशी रोज संध्याकाळी रेडिओवर बोलते आणि हल्ली तो सारखा चिडलेलाच वाटतो.

मी सगळी पत्रं पुन्हा वाचली आणि मग मला एक गोष्ट दिसली. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने संच इथे पाठवून फिल्टर बसवून घेतला आहे. माझं पत्रक वाचून घरी स्वतः बसवणाऱ्यांपैकी कोणाचीही तक्रार नाही. म्हणजे पत्रक बरोबर आहे. चुकतंय ते टेबलावर.

मालकांना सांगितलं. ते पेन्सिल चावत म्हणाले, "नुसतं असं बोलून भागत नाही. मोजून आण. पत्रक चुकतंय की हात, एवढं महिनाअखेर सांग मला. ज्याचं चुकत असेल त्याला मी ठेवू शकत नाही. लोकांनी संच पाठवायचे बंद केले तर तुम्ही दोघं राहूनही काय करणार?"

जिन्यावर येऊन थांबले. एकतर मी जाईन, नाहीतर ते. मी गेले तर घरी कोणी काही म्हणणार नाही. तेच मला नको आहे. आई म्हणेल, "असू दे." आणि छोटीच्या शाळेचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतील.

मंगळवार, ९ एप्रिल

परत आलेले संच आतल्या खोलीत नेऊन मोजले. पद्धत सोपी आहे. संचाला एका यंत्रातून एकच सूर द्यायचा, अगदी खालच्या पट्टीतला, मग हळूहळू चढवत न्यायचा, आणि कुठला सूर चाळणीतून येतो आणि कुठला अडतो ते मीटरच्या काट्यावर बघायचं. कान लागतच नाही.

सगळ्या संचांत माणसाच्या आवाजाचा खालचा, भरीव भाग कापला गेला आहे आणि वरचा, टोचरा भाग गरजेपेक्षा जास्त येतो आहे. प्रत्येक संचात एकाच दिशेला, आणि जवळजवळ सारखाच.

हात थरथरत असता तर एक संच इकडे, एक तिकडे झाला असता. इथे तसं नाही. एवढ्या नेमाने चूक होत नसते. हे कोणीतरी ठरवून करतंय.

ठरवून कशासाठी, ते मला कळतं. मी आल्यावरच हे सुरू झालं.

गुरुवार, ११ एप्रिल

जेवताना घरी सांगितलं. आबा म्हणाले, "तोंडी काही बोलू नकोस. कागदावर लिहून दे. तुला लिहिता येतं ना?" हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की मला अभिमानही वाटला आणि भीतीही.

आई भांडी आवरत म्हणाली, "त्या म्हाताऱ्याच्या घरी कोण आहे?"

"मला काय माहीत?"

"एवढे महिने बसतेस शेजारी."

"ते बोलतच नाहीत माझ्याशी, आई. हाक मारली तरी ओ देत नाहीत."

"तुझे आजोबा पण देत नसत," आई म्हणाली. "शेवटी शेवटी किती ओरडायला लागायचं."

"ते वेगळं. काका मुद्दाम करतात. समोर गेलं की बरोबर उत्तर देतात."

आईने पातेलं पालथं घातलं.

बुधवार, १७ एप्रिल

काकांविरुद्ध मालकांना लेखी अर्ज देण्याआधी आणखी एक गोष्ट करायचं ठरवलं. पत्रकातलं ते 'नैसर्गिक वाटेपर्यंत'चं वाक्य काढून टाकलं. आता पत्रकात असं लिहिलं आहे: आधी खालचा सूर द्यावा, काटा कुठे येतो ते पाहावं. मग वरचा सूर द्यावा. दोन्ही वेळा काटा एकाच रेघेवर येईपर्यंत स्क्रू फिरवावा. आता 'वाटण्या'ला जागाच नाही. यापुढे संच बिघडला तर तो डोळ्यांदेखत बिघडवलेला असेल.

मालकांची परवानगी घेतली आणि नवं पान नेऊन काकांच्या समोर ठेवलं. आता तंडतील अशी तयारी ठेवली होती. त्यांनी चष्मा चढवला आणि ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे तू काढलंस?"

"हो."

"यात ऐकायचं कुठेच नाही."

"नाही. फक्त बघायचं."

मग ते जे म्हणाले त्याचा अर्थ मला अजून लागत नाही. ते म्हणाले, "आधी का नाही सुचलं तुला?" आणि हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. वहिनींनी लगेच विचारलं, "काय काका, लॉटरी लागली का?" त्यांनी त्यांच्याकडेही लक्ष दिलं नाही. हेडफोन खुंटीला अडकवले, मीटर पुढे ओढलं आणि दातांच्या डॉक्टरांचा संच उघडला. संध्याकाळपर्यंत तो तयार झाला. मी आतल्या खोलीत नेऊन मोजला. अगदी बिनचूक.

म्हणजे त्यांना येत होतं! येत असून ते चुकीचं करत होते. याहून मोठा पुरावा काय हवा? अर्ज लिहून तयार आहे. शुक्रवारी मालक बाहेरगावहून येतील.

शुक्रवार, १९ एप्रिल

कशापासून लिहायला घ्यावं कळत नाही. जसं झालं तसंच लिहिते.

मालक चारला येणार होते. वहिनी पोस्टात गेल्या होत्या. वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच. काका माझ्याकडे पाठ करून, मीटरसमोर वाकून बसले होते. माझ्या हातात अर्ज होता. मला वाटलं, माणसाच्या पाठीमागे कागद देणं बरं नव्हे. आमच्या बाबतीत लोकांनी कायम तेच केलं. आधी तोंडावर सांगावं आणि मग द्यावा.

तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. त्यांच्या पाठीमागे उभी राहूनच बोलले. मी म्हटलं, "काका, तुम्ही संच मुद्दाम बिघडवलेत. मला घालवायला. मी आज मालकांना सांगणार आहे."

त्यांनी स्क्रू किंचित फिरवला आणि काट्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "तुम्ही खोटे आहात."

ते स्वतःशीच गुणगुणत होते. पेचकस खाली ठेवून त्यांनी नाक पुसलं आणि पुन्हा काम सुरू केलं. मान ताठ झाली नाही, हात थांबला नाही. असं बोलणं ऐकून कोणाची पाठ इतकी निवांत राहत नाही. मी खूप लोकांच्या पाठी पाहिल्या आहेत. आबांना गोदामात मुकादम बोलतो तेव्हा त्यांची पाठ कशी होते, ते मला माहीत आहे.

मी शेजारच्या टेबलावरचा पत्र्याचा डबा उचलून फरशीवर टाकला. मुद्दामच टाकला. बाहेर वायरींवर बसलेली कबुतरं उडाली. काकांनी वळून पाहिलं, पण पाहिलं ते जमिनीकडे, तळव्यांना काहीतरी जाणवावं तसं.

"काय पडलं?"

"डबा," मी म्हटलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मान डोलावली आणि परत वळले.

मग सगळं एकदम लक्षात आलं. फोन. रुमाल. स्टुलावरचा कुरिअरवाला. वय झालं की ज्याला वरच्या पट्टीतलं ऐकू येईनासं होतं त्याला प्रत्येक आवाज दबका वाटणार, आणि तो मोकळा वाटेपर्यंत तो स्क्रू एकाच बाजूला फिरवत राहणार. प्रत्येक संचात सारखाच. त्यांच्या कानाला तो नैसर्गिक वाटत होता. आपल्या कानावरचा त्यांचा विश्वास उडाला होता आणि ते समोर येईल त्याला विचारत होते, माणसासारखा वाटतो का? सगळे म्हणाले, मस्त. मला एकटीलाच तो आवाज नाक चिमटीत धरल्यासारखा वाटला होता, आणि मी म्हटलं, मला यातलं कळत नाही.

मालक आले तेव्हा मी अर्ज दिला नाही. पोट दुखतंय म्हणून घरी आले. ते खोटं नव्हतं.

शनिवार, २० एप्रिल

मालकांनी बोलावून घेतलं. टेबलावर पत्रांचा गठ्ठा होता.

"काय निघालं? पत्रक की हात?"

सकाळपासून मी वाक्यं जुळवत होते. खोटं एकही बोलायचं नव्हतं. म्हटलं, "पत्रकातलं वाक्य चुकलं होतं. नैसर्गिक वाटेपर्यंत. कोणाला वाटेपर्यंत, ते लिहिलेलं नव्हतं. ते मला खटकलं होतं, तरी मी छापलं. आणि दुसरा कान व्हायला काकांनी मला सांगितलं होतं, मी झाले नाही. झाले असते तर पहिल्याच संचात कळलं असतं."

"मग घरी बसवणाऱ्यांचं कसं बिघडलं नाही?"

"ते आपल्याच कानासाठी बसवतात. त्यांना जे बरं वाटलं तेच त्यांचं बरं."

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि हातात काही खोट नाही?"

"हात चांगला आहे. नवं पान दिल्यापासून एकही संच चुकलेला नाही. मी मोजलेत."

त्यांनी पत्रांचा गठ्ठा सारखा केला. मग मिशीतल्या मिशीत म्हणाले, "नाव तुझं आहे खाली. तुला कायम करायचं आत्ता राहू दे. वर्षअखेरीला बघू. तोवर आलेले सगळे संच फुकट जुळवून परत पाठवायचे, प्रत्येकाबरोबर माफीचं पत्र. ते तू लिही."

"हो."

"तू म्हणतेस म्हणून," ते म्हणाले. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं, कोणास ठाऊक.

घरी आबांनी विचारलं, "कागद दिलास?"

"नाही. तोंडी सांगितलं. कायम नाही केलं. वर्षअखेरीला बघतील."

आबा उठून पाणी प्यायले. छोटी म्हणाली, "म्हणजे अजून आहेस ना तिथे?" मी हो म्हटलं. आईने मला आणखी एकदा वाढलं.

मी बोललेलं प्रत्येक वाक्य मनात तपासून पाहिलं. एकही खोटं नाही. तरी कानशिलं तापलेली आहेत.

सोमवार, २२ एप्रिल

सकाळी माफीचं पत्र लिहायला बसले, तर काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांना वहिनींनी सांगितलं असणार. वहिनींना भिंतीतूनही ऐकू येतं.

"मालकांना काय सांगितलंस?"

"पत्रक चुकलं म्हणून."

"ते वाक्य माझं होतं. तुझं नव्हतं."

"खाली नाव माझं आहे."

"लेखिकाबाई," ते म्हणाले, "मी या टेबलावर म्हातारा झालो. फुकटात कोणी कोणाचं अंगावर घेत नाही. तुझा डाव काय आहे?"

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, अगदी याच आवाजात. मी खण उघडून टाचण्या शोधत होते. खाली बघतच म्हटलं, "डाव काही नाही."

"काय?"

मी खण लावला. उभी राहिले आणि त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, पुन्हा तेच सांगितलं.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग डोळ्यांकडे बघायला लागले आणि बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय हळूहळू गेला. त्या जागी जे आलं ते मला बघवेना.

"कधी कळलं तुला?"

"शुक्रवारी."

"मालकांना सांगितलंस?"

"नाही."

"सांगणार आहेस?"

या प्रश्नाचं उत्तर मी शनिवारपासून शोधत होते. मी म्हटलं, "आपणहून नाही सांगणार. पण त्यांनी सरळ विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही, काका."

त्यांनी मान डोलावली. रागावले नाहीत. वहिनींच्या स्टुलावर बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवले. पलीकडे वहिनी खोक्याला चिकटपट्टी लावायची थांबल्या होत्या.

"त्यांनी विचारायच्या आत मीच सांगतो," काका म्हणाले. "मीटरवर काम जमतंय, हेही सांगतो. मग ठेवायचं की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं." उठून त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. "तू पण चल. मालक मिशीत बोलतात. अर्धं मला कळत नाही."

आम्ही जिना चढलो. काकांनी दारावर टकटक केलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

आतून मालक म्हणाले, "या."

मी मान डोलावली.